भिंतीवरची गोधडी

सांगा सांगा म्हणून डोकं उठवलंत, म्हणून सांगतो. मध्ये कुणी बोलू नका.

फार मागे एका गोधडीत वर जरीचा तुकडा होता आणि आत जुनं धोतर. तुकडा सुईला म्हणाला, "ताई, या म्हाताऱ्याला वास मारतो. काढ याला."

धोतर म्हणालं, "बाबा, ऊब माझी आहे."

"ऊब कुणाला दिसते?"

सुईनं भिडेपोटी टाके उसवले. धोतर फरशी पुसायला गेलं. गोधडी पातळ झाली, म्हणून घरच्यांनी ती शोभेला भिंतीवर टांगली. थंडीत घरातलं पोर बाजारचं ब्लँकेट ओढून निजायला लागलं. तुकड्याला वाटलं, धोतराला परत हाक मारावी. पण ते पुसून पुसून विरलं होतं.

आमच्या हिची गोधडी अशीच उसवून भिंतीला लावणारा माझा पुतण्या रमाकांत अजून माफी मागायला आलेला नाही.