डुबकी बेडकीचं गाऱ्हाणं

एक होतं गाव. त्याचं नाव कालवेवाडी. गावापुढे समुद्र. गावामागे सडा, म्हणजे मोठ्ठा दगडी माळ. मधे माड, मधे घरं, आणि मधोमध झुळझुळ रिसॉर्ट.

भामाकाकीच्या न्हाणीमागे एक डबकं होतं. डबक्यावर अळूची पानं. पानांखाली राहायची डुबकी बेडकी. काकी आंघोळ करायची. पाणी न्हाणीतून बाहेर यायचं. खळखळ, खळखळ! डबकं भरायचं. डबक्यात डुबकीची तीन पोरं पोहायची. पोरं अगदी इवलीशी. पाय नाहीत, नुसती शेपटी. वळवळ, वळवळ!

मे महिना आला. ऊन कसलं, चटकाच तो! डबकं आटायला लागलं. परातीएवढं होतं, ते ताटाएवढं झालं. ताटाएवढं होतं, ते वाटीएवढं झालं. पोरांच्या शेपट्या एकमेकींत अडकायला लागल्या.

"आये, पोवाक जागा नाय गो!" पोरं म्हणाली.

"थांबा, माज्या बाळानू. आत्ता पाणी आणतंय," डुबकी म्हणाली.

आणि निघाली. टुणुक टुणुक टुप्!

भामाकाकी दारात बसली होती. पाय चोळत होती.

"काकी गो काकी, आंघोळ कर!
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

काकी म्हणाली, "आंघोळ करू? खयच्या पाण्यान? दिवसभर रिसॉर्टात पावण्यांचे टॉवेल धुतंय. एका पावण्याक तीन टॉवेल! घराक येतंय, तर नळ कोरडो. नळ येवंदे, मगे मी न्हातंय."

टुणुक टुणुक टुप्! डुबकी गेली नळाकडे.

"नळा रे नळा, वायच ये!
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

वायच म्हणजे जरा. नळ म्हणाला, "फुस्स!" नुसती हवा. मग म्हणाला, "बुधवारी येवन गेलंय. अर्धी घागर दिलंय. आता माज्याकडे काय नाय गो बाय. टाकी भरूंदे, मगे मी येतंय."

टुणुक टुणुक टुप्! टाकी होती सड्यावर. चढता चढता डुबकीला धाप लागली. टाकीला नवा कोरा रंग दिला होता. निळा समुद्र काढला होता, दोन डॉल्फिन काढले होते. खाली मोठ्ठी अक्षरं, 'सुस्वागतम्'. पाहुण्यांना लांबून छान दिसावी म्हणून एवढा थाट. आत होती एक पाल. एकटीच.

"टाकी गो टाकी, पाणी सोड!
नळ येना नाय,
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

टाकी म्हणाली, "ढण्ण! वाजव बघ माका. ढण्ण! भायर समुद्र, आत ढोल. बाव भरूंदे, मगे मी भरतंय."

बाव म्हणजे विहीर. टुणुक टुणुक टुप्! डुबकीने काठावरून वाकून पाहिलं. खोल खोल अंधार, आणि तळाला चिखल.

"बावी गो बावी, टाकी भर!
टाकी भरना नाय,
नळ येना नाय,
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

बाव खोल, म्हणून तिचा आवाजही खोल. ती म्हणाली, "माज्या पोटात काय रवता गो? झरो येता, तसो पंप येता. सोंड घालता नी पिवन टाकता. रिसॉर्टाचो पंप तो! गुटुक गुटुक, गुटुक गुटुक. पंप निजूंदे, मगे मी भरतंय."

इकडे वाटीएवढं डबकं पळीएवढं झालं. पोरांनी शेपट्या गुंडाळून घेतल्या.

टुणुक टुणुक टुप्! डुबकी गेली पंपाकडे.

"पंपा रे पंपा, वायच नीज!
बाव भरना नाय,
टाकी भरना नाय,
नळ येना नाय,
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

पंप म्हणाला, "घुर्रर्र! बोलायला वेळ नाही. वर पाऊस पडतोय, त्याला पाणी पुरवायचंय. पाऊस थांबला, तर मी निजतो."

"पाऊस? मे महिन्यात?" डुबकीने वर पाहिलं. आभाळ लख्ख. वातीएवढासुद्धा ढग नाही. पण कुंपणापलीकडे खरंच आवाज येत होता. रिमझिम, रिमझिम! डुबकीचा गळा आनंदाने फुगला. डराँव अगदी ओठावर आलं. ती कुंपणाखालून आत शिरली, आणि डराँव परत पोटात गेलं.

हिरवळीवर उंच खांब होते. खांबांवर नळ्या, नळ्यांना भोकं. भोकांतून पाऊस पडत होता. खाली पाहुणे नाचत होते. गाणं चाललं होतं, धमाक धम! धमाक धम! शेजारी पाटी होती. 'कृत्रिम पावसात नाचा, दुपारी तीन ते सहा.' आणि त्याच पाटीवर खाली, 'पाणी जपून वापरा.'

"पावसा रे पावसा, वायच थांब!
पंप निजना नाय,
बाव भरना नाय,
टाकी भरना नाय,
नळ येना नाय,
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

पाऊस म्हणाला, "मी कसला पाऊस! मी नळीतला. मला ना ढग, ना वीज. पाहुणे नाचतायत तोवर पडायचं, एवढीच माझी नोकरी. पाहुणे थांबले, तर मी थांबतो."

टुणुक टुणुक टुप्! डुबकी गेली पाहुण्यांच्या पायांपाशी. पाय केवढे! धप्प इकडे, धप्प तिकडे. डुबकी अंग चोरून उभी राहिली.

"पावण्यानू रे पावण्यानू, वायच थांबा!
पाऊस थांबना नाय,
पंप निजना नाय,
बाव भरना नाय,
टाकी भरना नाय,
नळ येना नाय,
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

"अय्या, बेडकी! किती क्यूट!" पाहुण्यांनी आधी फोटो काढले. मग गॉगलवाले काका म्हणाले, "अगं, आमच्या सोसायटीत आठवड्यातून दोनदा टँकर येतो. परातीत उभं राहून आंघोळ करतो आम्ही, आणि तेच पाणी झाडांना घालतो. वर्षातून चार दिवस मनसोक्त भिजायला आलोय. तेही नको?"

डुबकीला त्यांचं जरा वाईट वाटलं. पण वाईट वाटून डबकं भरत नाही.

"आणि पावसाची चावी मॅनेजरकडे आहे," काका म्हणाले. "मॅनेजरने बंद केला, तर आम्ही थांबतो."

पाच पावलांवर समुद्र होता. एवढा मोठा, काठोकाठ भरलेला. सगळ्यांची त्याच्याकडे पाठ होती.

टुणुक टुणुक टुप्! मॅनेजर साहेब पावसाच्या कडेला उभे होते. गळ्यात टाय, डोक्यावर छत्री, खिशात चावी.

"मॅनेजर सायबा, चावी फिरव!
पावणे ऐकनत नाय,
पाऊस थांबना नाय,
पंप निजना नाय,
बाव भरना नाय,
टाकी भरना नाय,
नळ येना नाय,
काकी न्हायना नाय,
डबक्यात पाणी नाय.
माजी पोरां पोवतली खय?"

"झुळझुळमध्ये स्वागत आहे, मॅडम," मॅनेजर म्हणाले. "पाण्याची आम्ही फार काळजी घेतो हो. पाटी लावलीय ना! पाहुण्यांनी नको म्हटलं, तर मी लगेच बंद करतो."

टुणुक टुणुक, डुबकी पाहुण्यांकडे. "मॅनेजरने बंद केला, तर आम्ही थांबतो."

टुणुक टुणुक, डुबकी मॅनेजरकडे. "पाहुण्यांनी नको म्हटलं, तर मी बंद करतो."

पाहुण्यांकडे. मॅनेजरकडे. पाहुण्यांकडे. मॅनेजरकडे. डुबकीचे पाय दुखले. पळीएवढं डबकं चमच्याएवढं झालं. डुबकीला रडू आलं. बेडकीचं रडू ते केवढं! मोहरीएवढं. त्याने काय होणार?

मग डुबकीला आला राग. हा मात्र चांगला भोपळ्याएवढा.

कालवेवाडीत एक रीत आहे. कुणी ऐकेनासं झालं, की देवाला गाऱ्हाणं घालायचं. एकाने मोठ्याने सांगायचं. बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आणि एकदा व्हय म्हटलं, की म्हणणारा बांधला गेला. देवासमोरचा शब्द तो. मागे फिरायचं नाही.

डुबकीने घेतली उडी. टुणुक टुणुक टुप्! बसली थेट गाण्याच्या बटणावर. गाणं गप्प! मग दुसरी उडी, माइकवर. गळा फुगवला आणि ओरडली,

"बा देवा म्हाराजा!"

"अरे, गाऱ्हाणं! अस्सल गाऱ्हाणं!" पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. "व्हिडिओ घ्या, व्हिडिओ! सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं!"

भामाकाकी पुन्हा कामावर आली होती. टॉवेलांची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली. आणि सगळ्यांत आधी तीच म्हणाली,

"व्हय म्हाराजा!"

"पाऊस थांबना नाय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"पंप निजना नाय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"बाव भरना नाय, टाकी भरना नाय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"नळ येना नाय, काकी न्हायना नाय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"डबक्यात पाणी नाय, पोरां पोवतली खय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"

पाहुणे रंगात आले. टाळ्या वाजवायला लागले. डुबकीने आणखी गळा फुगवला.

"तर आता पावणे समुद्रात जातले म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"नी मॅनेजर सायब चावी फिरवतले म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्ठा आवाज मॅनेजर साहेबांचा. पाहुणे म्हणतील ते म्हणायची त्यांना सवयच होती.

मग काकीने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात ठेवले.

"व्हय म्हटलात मा? मगे बांधलात. चला, समुद्र थंय असा."

"अहो, आम्ही नुसतं व्हिडिओसाठी म्हटलं!" गॉगलवाले काका म्हणाले.

"म्हणानच सांगतंय. व्हिडिओत सगळ्यांचो आवाज असा," काकी म्हणाली.

पाहुण्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने पाहुण्यांकडे पाहिलं. मॅनेजर साहेबांनी खिशात हात घातला.

किर्र, किर्र, किर्र! चावी फिरली, पाहुणे थांबले.

पाहुणे थांबले, पाऊस थांबला. ठिप्... ठिप्... ठप्प.

पाऊस थांबला, पंप निजला. लगेच घोरायलाही लागला.

पंप निजला, बाव भरली. झुळुझुळु, झुळुझुळु.

बाव भरली, टाकी भरली. ढण्ण गेलं, बुडबुड आलं. पालीने आपला मुक्काम हलवला.

टाकी भरली, नळ आला. फुस्स... फुस्स... खॉक्... धो धो धो!

नळ आला, काकी न्हाली. एक तांब्या डोक्यावर, एक तांब्या दुखऱ्या पायांवर. धबाधब, धबाधब!

काकी न्हाली, डबकं भरलं. खळखळ, खळखळ, खळखळ!

डुबकी धावत आली. टुणुक टुणुक टुप्! पाण्यात डोकं घातलं.

"एक... दोन..."

तिसरं कुठाय? तिने अळूच्या मुळाशी पाहिलं. तिथे चिखलात एक काळा ठिपका होता. पाणी त्याच्यापाशी आलं. ठिपका हलला नाही. पाणी त्याच्यावरून गेलं. ठिपक्याची शेपटी हलली. वळवळ... वळवळ!

"तीन!" डुबकी ओरडली, आणि पोराला पोटाशी धरून बसली.

तिकडे पाहुणे समुद्रात डुंबत होते. लाटा येत होत्या, जात होत्या. गॉगलवाले काका नाकातोंडातलं खारं पाणी झटकत म्हणाले, "काय मस्त आहे हो! हा समुद्र कधीपासून आहे इथे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर साहेब डबक्यापाशी आले. टाय सरळ करून उकिडवे बसले.

"मॅडम, पाहुण्यांना गाऱ्हाणं फार आवडलं. तुम्ही रोज तीन वाजता याल का?"

डुबकीने पोरांकडे पाहिलं. पोरं ऐसपैस पोहत होती.

"येतंय," डुबकी म्हणाली. "पण पावसाची चावी माज्याकडे रवतली."

"होय, होय," मॅनेजर म्हणाले.

"तसा नाय. बरोबर म्हणा."

मॅनेजर साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काकी न्हाणीच्या दारात उभी होती. कमरेवर हात होते. साहेबांनी हळूच खिशातून चावी काढली आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

चावी गेली अळूच्या पानाखाली, गोष्ट गेली तुमच्या उशाखाली.