घरबसल्या मिळालेलं प्रमाणपत्र

एकदा एक तरुण बातमीदार भर दुपारी धापा टाकत आपल्या गुरूंच्या घरात शिरला. गुरू म्हणजे जिल्ह्याच्या वृत्तपत्राचे निवृत्त संपादक. याला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं होतं, तेही कान धरून!

"गुरुजी, मोठा मासा गळाला लागला!" शिष्याने हातातले कागद त्यांच्यापुढे नाचवले. "तो व्यापारी, आधी फटाके विकायचा आणि आता मोबाइलवर कॉलेज चालवतो ना? पंखे-मोटारींच्या दुरुस्तीपासून कारखाना चालवण्यापर्यंत सगळं घरबसल्या शिकवतो म्हणे! उद्या पहिल्या पानावर त्याचे वाभाडे काढतोय. पाच वाजता पान छपाईला जाईल. मथळा ऐका: 'घरबसल्या प्रमाणपत्रं, चुलीत घालण्याच्या लायकीची!'"

मथळा खणखणीत होता, यात वाद नाही. गुरूंनी सगळा लेख शांतपणे ऐकला. मग विचारलं, "त्या कॉलेजचे धडे किती पाहिलेस?"

"पाहायचे कशाला? जाहिरात आहे की! शिवाय मोठ्या पेपरांत अशा कॉलेजांवर ढीगभर आलंय. घरी बसून सगळं वाचून काढलं."

"तिथं शिकणाऱ्या कुणाला भेटलास?"

"ते काय सांगणार, कपाळ?"

गुरू उठले. त्यांनी कपाटातून जाड कागद काढला, पेनात शाई भरली आणि शिष्याचं पूर्ण नाव घालून वळणदार अक्षरांत लिहिलं: "प्रमाणित करण्यात येते की, यांनी सदर महाविद्यालयाचा संपूर्ण अभ्यास घरबसल्या, एकही दिवस तिकडे न फिरकता, प्रथम श्रेणीत पूर्ण केला आहे." खाली सही केली, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी कागद त्याच्यापुढे धरला. "अभिनंदन!"

शिष्य लालबुंद झाला. "थट्टा करता गुरुजी? त्या लुच्च्याची बाजू घेता?"

"लुच्चाच आहे तो!" आता गुरूंचाही आवाज चढला. "पण तो न शिकवता प्रमाणपत्र देतो आणि तू न पाहता निकाल देतोस. फरक काय राहिला? तुझ्या लेखाने त्याला दोन दिवस डोकेदुखी होईल. चुलीत कोण जाईल, ते वर बघ."

वर पंखा फिरत होता.

"तीन महिने बंद पडला होता. मुमताज अत्तारने चालू केला. ती याच कॉलेजात शिकली. सोमवारी सूतगिरणीच्या मोटार विभागात तिची मुलाखत आहे, आणि तिथला साहेब तुझाच पेपर वाचतो. मागच्या गल्लीत राहते. अजून चार तास आहेत. पळ!"

शिष्य प्रमाणपत्र खिशात कोंबून निघाला, तो रागातच. मुमताजच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतके पंखे पडले होते.

"धडे चांगलेत की," ती तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "शिकवणारे सर खरंच जीव लावून शिकवतात. पण मोबाइलमधली तार तुटत नाही हो, हातातली तुटते! मग गल्लीतले बंद पंखे मागून आणले. पहिले चार तर मीच जाळले. त्यातला एक खालाचा, माझ्या मावशीचा; ती अजून बोलत नाही माझ्याशी."

"आणि जाहिरातीत फोटो आहे ती कार्यशाळा?"

मुमताज खळखळून हसली. "अहो, ते मंगल कार्यालय आहे! एक दिवस नेलं, स्टेजवर उभं केलं, हातात पक्कड दिली, फोटो काढला आणि पक्कड परत घेतली. फी भरताना महिनाभर कार्यशाळा सांगितली होती." मग तिची नजर त्याच्या हातातल्या मथळ्यावर गेली. हसू मावळलं. "दादा, त्याला काय लिहायचं ते लिहा. पण माझं एवढंच एक प्रमाणपत्र आहे. ते चुलीत नका घालू."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पायांना कुठली विश्रांती! त्याने मंगल कार्यालय गाठलं. तिथल्या व्यवस्थापकाने वही उघडून दाखवली: कॉलेजच्या नावावर वर्षभरात एकच दिवस, तोही दोन लग्नांच्या मधला. मग सायकल अशी हाणली की, पाचला पाऊण तास असताना तो कचेरीत हजर! जुना लेख टोपलीत गेला. नवा मथळा होता: "लग्नाच्या हॉलमधली कार्यशाळा". व्यापाऱ्याने दिलेला शब्द आणि मोडलेला शब्द त्यात शेजारी शेजारी छापला होता, आणि चार पंखे जाळून शिकलेली मुमताजही होती.

रविवारी व्यापाऱ्याच्या दारात तोच पेपर घेऊन साठ विद्यार्थी उभे राहिले. "कार्यशाळा कुठाय?" एकच घोष! घाम पुसत त्याला तारीख द्यावी लागली.

सोमवारी संध्याकाळी शिष्य पुन्हा गुरूंकडे धावत आला. "गुरुजी, साहेबाने पेपर वाचला होता! प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि तिच्यापुढे जळकी मोटार ठेवली. दोन तासांत चालू! नोकरी लागली!"

गुरूंना काय आनंद झाला! त्यांनी साखरेचा डबाच पुढे केला. शिष्याने चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि खिशातला तो चुरगळलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हे आता फाडून टाका."

"तुझं आहे. तूच ठरव," गुरू म्हणाले.

त्याने कागद फाडला नाही. मांडीवर ठेवून हाताने नीट सपाट केला. आज तो कचेरीत त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे. कुणावर लिहायला बसला की तो आधी ते प्रमाणपत्र वाचतो, पेन खाली ठेवतो आणि सायकल बाहेर काढतो.