मारवेलीची शेजारीण

गुरं आणि गवत एकमेकांशी गप्पा मारत, त्या काळची ही गोष्ट. येसबाच्या कुरणात मारवेल गवत आणि रानमटकीचा वेल गळ्यात गळे घालून वाढत, आणि त्याची पवळी गाय दोघींना एकाच घासात खाई.

एकदा येसबाने कुरणात पांढरं खत टाकलं. "सगळ्यांना सारखंच हं!" म्हणत त्याने मुठी उधळल्या. मारवेल मुळातच हावरट. बघता बघता ती पवळीच्या पोटापर्यंत पोचली.

"अगं, जरा सरक ना, मला ऊनच मिळत नाही," खालून रानमटकी कळवळली.

"खत तुलाही मिळालंय की! वाढायचं होतंस," मारवेल तोऱ्यात म्हणाली.

सुरुवातीला पवळीची चैन झाली. चरवी भरून दूध निघालं. मग मारवेल जून होऊन राठ झाली आणि रानमटकी शोधूनही सापडेना. पवळी दिवसभर चघळून दमे, तरी संध्याकाळी वासरू ढुशा देऊन देऊन रडकुंडीला येई.

येसबा डोकं खाजवत म्हणाला, "आणखी एक पोतं टाकावं म्हणतो!"

ते ऐकताच पवळी उठली. ती तडक बांधावर गेली. तिथे खत पडलं नव्हतं, म्हणून मारवेल बुटकीच होती आणि रानमटकी शेंगांनी लगडलेली होती. पवळीने त्या वाळल्या शेंगा बियांसकट पोटभर खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी कुरणाच्या मधोमध ऐसपैस बसून तिने मारवेल आडवी केली आणि उठताना शेपूट उचललं.

"शी! हे काय गं?" मारवेल किंचाळली.

"खत," पवळी म्हणाली. "यातून तुझी शेजारीण येणार आहे."