वर्गाबाहेरचे अस्वलअण्णा

फार वर्षांपूर्वी एका डोंगरावरचं सगळं जंगल माणसांनी तोडून नेलं. सावली गेली, तसे बरेच प्राणीही निघून गेले. जे उरले, त्यांना शिकवायला एक पोपट आला. शाळेच्या ओसरीवरच्या पिंजऱ्यातून तो सुटून आला होता, त्यामुळे त्याला इंग्रजी येत असे.

उघड्या खडकावर बसून पोपटमास्तर म्हणत, "देअर वॉज अ फॉरेस्ट. म्हणजे इथे जंगल होतं. भूतकाळ!" ससा आणि साळिंदर उन्हात डोळे मिचकावत तेच घोकत.

अस्वलअण्णा मात्र रोज उशिरा येत. पलीकडच्या दरीत कधी जांभळं, तर कधी बोरं पोटभर खाऊन येत आणि वर्गातच घाण करत.

"शी, शी! अण्णा, बाहेर व्हा!" एक दिवस मास्तर किंचाळले. "यापुढे तिकडे उतारावर बसूनच ऐकायचं!"

अण्णांना फार वाईट वाटलं, पण शिकायची हौस दांडगी. ते रोज उतारावर बसू लागले आणि घाणही तिथेच करू लागले. पावसाळ्यात तिथे जांभळा-बोरांची कोवळी रोपं उगवली. सशाच्या तोंडाला पाणी सुटलं, पण अण्णा तिथून हलतील तर ना!

काही वर्षांनी उतारावर दाट सावली झाली आणि सगळा वर्ग तिकडेच भरू लागला.

"मास्तर, आता 'वॉज' म्हणायचं की 'इज'?" सशाने विचारलं.

"अर्थात 'इज'!" फांदीवर ऐसपैस बसून मास्तर म्हणाले. "माझ्या शिकवण्याचं फळ आहे हे!"

"खरंय मास्तर," जांभूळ चघळत अण्णा म्हणाले, "तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत म्हणून तर!"