येसबाचा विडा

निनाईच्या डोंगराला अजून पायऱ्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. जांभूळखोरे गावात येसबा नावाचा सनईवाला होता.

चैत्री पौर्णिमेला देवीची पालखी गावातून शिखरावर जाते. निघण्याआधी पाटील एका वाजवणाऱ्याच्या हातात विडा ठेवत. ज्याला विडा, त्यानं पालखीपुढे वाजवायचं. येसबाच्या बापाला हा मान होता. बापामागे तो आपल्याला मिळावा, एवढीच येसबाची इच्छा होती. ती फार मोठी होती, असं मला तरी वाटत नाही.

पण बाप वारला तोवर येसबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवून आला होता. त्याची थाप पडली की विहिरीचं पाणी काठापर्यंत नाचत यायचं, असं म्हणतात. पाटील म्हणाले, "फडावरचा हात देवीपुढे नको." आणि हेच पाटील त्या फडात पहिल्या रांगेत बसून फेटे उडवायचे!

येसबानं ढोलकी ठेवून भजनात मृदंग धरला. बारा वर्षं वाजवला. तो वाजू लागला की पिंपळावरचे पोपट मान कलती करून ऐकायचे, असं म्हणतात. पुन्हा विड्यासाठी उभा राहिला, तर पाटील हसले. "आता संत झालास होय रे? मग संताला मान कशाला?"

येसबा शहरात गेला, पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला. त्याच्या फुंकरीवर पलटणीचे घोडे पाऊल बदलायचे, असं म्हणतात. लाल कोट घालून परतला, तेव्हा पाटलांचा मुलगा पाटील झाला होता.

"आमच्या देवीपुढे साहेबाचं वाद्य? अरे, तू नेमका कोण, ते एकदाचं ठरव."

"मी वाजवणारा, पाटील. देवीनं कधी विचारलं नाही."

"तिच्या वतीनं आम्ही विचारतो ना!"

हा कुठला न्याय? शेतकरी खरिपाला बाजरी पेरतो, रब्बीला हरभरा, त्याला कुणी बाटला म्हणत नाही. वाजवणाऱ्यानंच एक सूर धरून मरावं? माझं चुकत असेल, पण हे सांगताना अजून माझा आवाज चढतो.

येसबा म्हातारा झाला. दात गेले, फुंकता येईना. बोटं वाकली, थाप पडेना. त्या चैत्रात तो रिकाम्या हातानं आला आणि देवळाच्या दारातल्या दगडावर बसला. विडा तालुक्याहून आणलेल्या सनईवाल्याला दिला होता. सनई सुरू झाली, बारा भोयांनी खांदा लावला. पालखी उचलेना. आणखी बारा आले. दांडा वाकला, पालखी तसूभर हलली नाही.

तेव्हा नारळ विकणारी गोदाआत्या ओरडली, "मेल्यांनो, देवी कुणासाठी अडलीय ते दिसत नाही? तो काय दगडावर बसलाय!"

येसबानं वाकड्या तळव्यानं दगडावर ठेका धरला आणि बोळक्या तोंडानं गुणगुणू लागला. त्या गुणगुणण्यात सनई होती, ढोलकी होती, मृदंग होता, क्लॅरिनेटही होती, असं म्हणतात. पालखी फुलासारखी उचलली गेली. येसबा उठला, टाळ्या वाजवत पुढे चालू लागला आणि भोई धापा टाकत मागे.

शिखरावर पाटलांनी गुडघे टेकून विडा पुढे केला.

येसबा हसला. "चावू कशानं, पाटील? वाट बघण्यात दात गेले."

मग तो खाली आलाच नाही. टाळ्या वाजवत पलीकडच्या दरीत उतरला, असं म्हणतात.

तेव्हापासून जांभूळखोऱ्यात पालखीपुढे वाद्य वाजत नाही. गाव टाळ्या वाजवत चढतं. निघताना येसबाच्या दगडावर विडा ठेवतात, आणि "आमचा येसबा" म्हणून छाती फुगवतात. आमचा! गेल्या चैत्रात फडात ढोलकी वाजवणारी गावचीच एक मुलगी टाळ्यांना उभी राहिली, तर त्याच दगडापाशी तिला मागे सारलं.

दगडावरचा विडा देवी स्वतः नेते, असं म्हणतात. मी तिथं दिवसभर बसून पाहिलं आहे. विडा शेळ्या खातात. त्यांना दात आहेत.