भाव आभाळात ठरतो

मिरचीच्या बाजारात रामलिंगशेठ भाव ठरवायचा आणि त्या कामाची अडत दर पोत्यामागं कापून घ्यायचा. गेल्या साली तो सोनाक्काला म्हणाला, "उन्हानं मिरची पांढरी पडली. निम्माच भाव." यंदा तिनं पोतं सोडताच म्हणाला, "ढगाळ हवेनं रंग उतरला. निम्माच भाव."

"आणि हवा चांगली असली तर?"

"तर पीक उदंड येतं. तेव्हाही निम्माच. अहो अक्का, भाव काय मी ठरवतो? तो वर आभाळात ठरतो."

सोनाक्कानं पोत्याचं तोंड पुन्हा आवळलं. "बरं झालं सांगितलंत, शेठ. मग अडतही आभाळालाच देते."

भोवतालचे शेतकरी हसत हसत आपापली पोती बांधू लागले. शेठनं घाईनं वर पाहिलं.

"थांबा अक्का," तो म्हणाला, "आत्ताच वाढला."