शालीखालचं चित्र

एकदा एका प्रदर्शनात तेवीस चित्रांपैकी एकाच चित्रावर शाल टाकलेली होती, आणि ती नेमकी चुकीच्या चित्रावर पडली आहे अशी पाहणाऱ्या प्रत्येकाची खात्री होती. मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. दर वेळी कोणीतरी मधेच हसतं. हसणाऱ्यांवर माझा राग नाही, फक्त शेवटपर्यंत थांबा एवढंच म्हणणं आहे.

एका शहरात एक वृद्ध छायाचित्रकार राहत. उमेदीची वर्षं त्यांनी चित्रकला महाविद्यालयात शिकवण्यात घालवली, म्हणून सारं गाव त्यांना मास्तर म्हणे. निवृत्तीनंतर त्यांनी एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा घेऊन स्टुडिओ थाटला. उत्तरेकडे मोठी खिडकी, एक लाकडी चौथरा, एक आडपडदा आणि एक पितळी घंटा. बाकी थाटमाट काही नाही. तिथे मास्तर विवस्त्र मानवी देहाची छायाचित्रं काढायला शिकवत. एवढं ऐकूनच काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. त्या खोलीइतकी शिस्त मी फार थोड्या देवघरांत पाहिली आहे.

शिस्त अशी. चित्रासाठी बसणारी व्यक्ती आडपडद्यामागून शाल पांघरून येई आणि चौथऱ्यावर बसे. घंटा वाजली की ती स्वतःच्या हाताने शाल उतरवी आणि काम सुरू होई. वीस मिनिटांनी पुन्हा घंटा. त्या घंटेला भिंगावर टोपण चढलंच पाहिजे, आणि ती व्यक्ती शाल घेऊन आडपडद्यामागे जाईपर्यंत सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. टोपण निघायचं ते पुढच्या घंटेलाच. हे असं का, ते मास्तरांनी कधी समजावून सांगितलं नाही. शिष्यही विचारत नसत. टोपण चढवत आणि भिंतीचे पोपडे मोजत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि घंटा कोणाकडेच नाही, हे आपलं जाता जाता.

या मास्तरांचा हेरंब नावाचा एक शिष्य होता. पस्तिशीचा गृहस्थ, लग्नामुंजींचे फोटो काढून काढून विटलेला. पहिली काही वर्षं त्याला देह म्हणजे नुसती वळणं आणि सावल्या दिसल्या. चित्रं सुबक यायची. मास्तर ती पाहून ‘बरं आहे’ म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांनी हेरंबाचा पार हिरमोड व्हायचा.

मग तिथे हौसाबाई बसायला येऊ लागल्या. साठीला टेकलेल्या या बाई तीस वर्षं चित्रकला महाविद्यालयात चित्रासाठी बसत आल्या होत्या. शहरातल्या निम्म्या चित्रकारांनी खांदा कसा काढायचा हे त्यांच्या खांद्यावरून शिकलं होतं. घरी मात्र ‘आई कॉलेजात कामाला आहे’ इतकंच ठाऊक. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मुलाला आणि पुढे सुनेला कळलं तर त्या घरात आपल्याला घोटभर पाणी तरी मिळेल का, ही धास्ती त्यांनी तीस वर्षं एकटीने वागवली. म्हणून त्यांची अट एकच होती, चेहरा दिसता कामा नये.

पहिल्या दिवशी घंटा झाली, शाल उतरली, हेरंबाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तो बटण दाबायचं विसरला. खिडकीचा उजेड त्या पाठीवरून सावकाश उतरत होता. मोळ्या वाहून खांद्याला पडलेला घट्टा, कमरेपाशी बाळंतपणाच्या रेघा, भाजल्याचा एक जुना डाग, सुजलेली पेरं. एवढं सगळं एका देहात साठलेलं असतं आणि आपण इतकी वर्षं त्यात वळणं शोधत होतो, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. ती वीस मिनिटं त्याने एकही चित्र काढलं नाही. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

पुढच्या दोन वर्षांत हेरंबाने हौसाबाईंची बावीस चित्रं काढली. कशातही चेहरा नाही. ती पाहायला येणारी माणसं आपोआप आवाज खाली आणत.

आता चूक. एके दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली. हौसाबाई पातळ नेसून बाहेर आल्या आणि खिडकीपाशी स्टुलावर बसून डबा उघडला. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हाताने आखडलेला गुडघा चोळताहेत, आणि नजर कुठे तरी लांब लागलेली. उजेड बरोबर चेहऱ्यावर. हेरंबाने टोपण चढवलं होतं. त्याने ते काढलं आणि बटण दाबलं. एकदाच.

आवाज ऐकून बाईंनी घास खाली ठेवला, डबा बंद केला आणि उरलेलं काम पुरं केलं. पुढच्या आठवड्यापासून त्या आल्या नाहीत. गुडघा दुखतोय असा निरोप आला, आणि हेरंबाने तो खरा मानला. त्याचं म्हणणं सरळ होतं. चेहऱ्याची अट उघड्या चित्रांसाठी. या चित्रात तर बाई नखशिखान्त पातळात आहेत, यात आक्षेपार्ह ते काय? शिवाय चित्र असं काही उतरलं होतं की त्याला स्वतःलाच विश्वास बसेना.

महिनाभराने प्रदर्शन भरलं. दालन एका कापडाच्या व्यापाऱ्याचं होतं, त्यांच्याच हस्ते उद्घाटन. बावीस चित्रं भिंतींवर आणि तेविसावं, भाकरीचं, थेट दारासमोर. सकाळी मास्तर आले. एकेका चित्रापुढे उभे राहून त्यांनी पुरा तास घेतला. शेवटी भाकरीच्या चित्रापाशी आले, पाहिलं, आणि आपल्या खांद्यावरची शाल काढून त्या चित्रावर घातली.

दालनात कुजबुज झाली. शेटजी खो खो हसले. म्हणाले, मास्तर, आमचा जन्म कापड विकण्यात गेला, पण उघड्या बायांना उघडं ठेवून पातळ नेसलेल्या बाईला पांघरूण घालणारा माणूस आज पाहिला. लोकही हसले. मास्तरांचं वय झालं, असं कोणीतरी हळूच म्हणालं. तेवढ्यात एका वर्तमानपत्राचा बातमीदार हेरंबाला बाजूला घेऊन, पण मास्तरांना ऐकू जाईल एवढ्यानं, म्हणाला की शालीखालचं चित्र मघाशीच पाहिलंय, उद्याच्या अंकात पहिल्या पानावर घेतो, चार वाजेपर्यंत पाठवा.

हेरंब मास्तरांना मागच्या खोलीत घेऊन गेला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याचा त्यांच्यापुढे आवाज चढला. हे माझं सर्वांत चांगलं चित्र आहे, तो म्हणाला.

“आहे,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर झाकलं. वाईट असतं तर कोणी वळून पाहिलं नसतं. हेरंब, त्या बावीस चित्रांत काय दाखवायचं ते तिने ठरवलं होतं. शाल तिच्या हाताने उतरली होती. त्या चित्रांत ती उघडी नाहीच. या एका चित्रात आहे, आणि तिला उघडं तू केलंस. शिवाय बाहेरच्या बावीस पाठींना तू आज एक चेहरा देऊन ठेवलास. उद्या सकाळी तो तिच्या उंबऱ्यात पडेल.”

घंटेचा अर्थ हेरंबाला त्या क्षणी कळला. त्याने बाहेर जाऊन चित्र शालीसकट खिळ्यावरून उतरवलं आणि स्कूटरला बांधून भर दुपारी हौसाबाईंचं घर गाठलं.

बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. सून आत होती. त्यांनी हेरंबाला खुणेनेच घरामागे नेलं. त्याने शाल बाजूला करून चित्र त्यांच्या हातात दिलं आणि मान खाली घातली. बाई पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. तीस वर्षं लोकांनी त्यांची चित्रं काढली, पण स्वतःचा चेहरा त्यांना कोणी दाखवला नव्हता.

“चांगला काढलाय,” त्या म्हणाल्या. “पण तुमी इचारलं न्हाई, दादा. उघडी बसताना मला कधी लाज वाटली न्हाई, कामच हुतं ते. त्या वक्ताला मात्र घास तोंडात हुता, पाय आखडला हुता, मी आपली माझी माझी बसले हुते. दिसभरात तेवढंच माझं हुतं.”

हेरंबाला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. कॅमेऱ्यातली मूळ प्रत त्याने त्यांच्यासमोर पुसून टाकली. चित्र त्यांनी ठेवून घेतलं. बातमीदाराला काही मिळालं नाही. प्रदर्शन संपेपर्यंत दारासमोरच्या खिळ्यावर हेरंबाने परत आणलेली नुसती शाल टांगलेली होती, आणि नवल म्हणजे लोक तिच्यापुढेही गप्प उभे राहत.

त्यानंतर तीन महिने हेरंबाने कॅमेऱ्याला हात लावला नाही. आणि एका सकाळी हौसाबाई स्टुडिओत हजर. सोबत सून. सुनेला काय सांगून आणलं होतं देव जाणे. ती दाराशीच बाकावर अवघडून बसली. चौथऱ्यावर चढण्याआधी बाईंनी मास्तरांच्या टेबलावरची घंटा स्वतःच्या हातात घेतली.

“ते हलतं बोलतं चित्र काढता न्हवं? काढा,” त्या हेरंबाला म्हणाल्या. “तीस वर्सं गप बसले. आज बोलनार हाय. आन् तोंड दिसूंदे.”

त्यांनी घंटा वाजवली. हेरंबाने टोपण काढलं आणि व्हिडिओ सुरू केला.

पुढची चाळीस मिनिटं त्या खोलीत काय झालं ते मला पुरतं सांगता येणार नाही. नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन त्या महाविद्यालयात झाडू मारायच्या कामाला लागल्या, तिथून चौथऱ्यापर्यंत कशा आल्या, पहिल्या दिवशी थंडीने नव्हे तर भीतीने कशा थरथरल्या, ते त्यांनी सांगितलं. हलायचं नाही म्हणून मनातल्या मनात जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. कागदावर कोळसा घासल्याच्या आवाजावरून त्यांना कळायचं की कोणता विद्यार्थी आज घरून भांडून आलाय. मुलाची फी, लेकीचं लग्न, सगळं त्या निश्चल बसण्यातून आलं. पातळात, पदर सावरून, भिंगाकडे सरळ पाहत त्या बोलत होत्या, आणि हेरंबाला वाटलं, बावीस चित्रांत जे त्याला दिसलं ते नुसतं दार होतं. घर आज उघडतंय. त्याने ना कोन बदलला, ना काही विचारलं. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं काम, आणि त्यात त्याने केलं काय, तर थांबला.

शेवटी बाई सुनेकडे वळल्या. “आता तुला समदं ठावं झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी घंटा वाजवली.

हेरंबाने टोपण चढवलं. मास्तर आणि तो, दोघेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे बाक सरकल्याचा आवाज आला. पावलं चौथऱ्यापाशी जाऊन थांबली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. हेरंब सांगतो की त्या दोन-तीन मिनिटांत त्याला जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नव्हती, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“वळा आता,” हौसाबाई म्हणाल्या. “जेवून घ्या चार घास.”

दोघे वळले. सून चौथऱ्यावर बसली होती, सासूचा आखडलेला पाय मांडीवर घेऊन गुडघा चोळत होती, आणि बाईंच्या हातात उघडा डबा होता. खिडकीतून तोच त्या दिवसाचा उजेड आला होता. कॅमेरा हाताशी होता. हेरंबाने पुढे होऊन दोन्ही हात पसरले, आणि बाईंनी त्यात भाकरीचा तुकडा ठेवला. भाकरी दोघींपुरतीच होती, पण चौघांनी खाल्ली.